'दास' कोणाचा? : रेव्हरंड टिळकांची भजने आणि १९१७चा राजीनामा

पिंपरी-चिंचवडमधल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या उपासनेला बसले की बाहेरच्या माणसाच्या एक गोष्ट लगेच लक्षात येते. इथे गाणे नंबराने ओळखले जाते. पाळक आकडा सांगतात, पुस्तकांची पाने सळसळतात, पेटीवर सूर धरला जातो आणि दुसऱ्या ओळीपर्यंत सगळी मंडळी गात असते. जुन्या माणसांना तर पुस्तक उघडावेही लागत नाही. आकडा कानावर पडला की चाल आपोआप ओठांवर येते.

अशाच एका रविवारी उपासना संपल्यावर मी पेटीवर बसणाऱ्या गृहस्थांना विचारले, "काका, मघाशी शेवटचे म्हटलेत ते भजन कोणाचे?"

"उपासना संगीतातले."

"हो, पण लिहिले कोणी?"

ते जरा थांबले. आयुष्यभर कारखान्यात पाळीचे काम केलेला माणूस, राहुरीकडचा. म्हणाले, "ते काही बघितले नाही बुवा. माझ्या आईला पाठ होते. तिला वाचता येत नव्हते."

ते भजन नारायण वामन टिळकांचे होते. काकांनी लहानपणी शाळेत याच टिळकांची फुलांवरची कविता पाठ केली होती, हेही बोलता बोलता निघाले. तो कवी आणि हा कवी एकच, हे ऐकून त्यांना गंमत वाटली. मला मात्र त्या गमतीने बरेच दिवस सोडले नाही. मराठी साहित्याच्या इतिहासात टिळक 'फुलांमुलांचे कवी' म्हणून आहेत. बालकवींना घरात ठेवून घेणारे, 'केवढे हे क्रौर्य!' आणि 'वनवासी फूल' लिहिणारे. त्यांची ख्रिस्ती भजने इतिहासकार एका परिच्छेदात आटोपतात. उलट ज्यांच्या तोंडी ती भजने शंभर वर्षे आहेत, त्यांना कवीच्या नावाची गरज पडलेली नाही. हे नाव नाहीसे होणे काही अंशी टिळकांनी स्वतःच घडवून आणले होते. ते कसे, आणि त्याचा १९१७ साली त्यांनी दिलेल्या राजीनाम्याशी काय संबंध आहे, हे या लेखात मांडायचे आहे.

टिळकांच्या आधी मराठी ख्रिस्ती माणूस काय गात होता, हे प्रथम पाहिले पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) त्यांचे ठाणे १८३१ मध्ये पडले. १८४२ साली तिथूनच 'ज्ञानोदय' सुरू झाला. त्याचे पहिले संपादक हेन्री बॅलंटाइन यांनी पुष्कळ गीते मराठीत आणली. माणूस कष्टाळू होता आणि त्याचा हेतूही निर्मळ होता. अडचण चालीची होती. इंग्रजी उपासनेतला सर्वांत प्रचलित साचा आठ-सहा-आठ-सहा अक्षरांचा. त्याच्या चाली बहुधा हलक्या ठोक्यावर उठतात आणि दुसऱ्या अक्षरावर जोर देतात. 'दया', 'कृपा', 'क्षमा' असे पहिले अक्षर ऱ्हस्व आणि दुसरे दीर्घ असलेले शब्द त्या चालीत कसेबसे बसतात. पण ओळ 'येशू'ने किंवा 'देवा'ने सुरू झाली की पंचाईत होते. दोन्ही अक्षरे दीर्घ, आणि पहिले तर चालीच्या हलक्या ठोक्यात चेपले जाते. ज्याला हाक मारायची त्याच्याच नावाचा पहिला स्वर गिळावा लागतो. मराठीत इंग्रजीसारखा आघात नाही. आपले कान ऱ्हस्व-दीर्घावर आणि यमकावर चालतात. त्यामुळे ही गीते अर्थाने मराठी असली तरी गाताना परकी वाटत. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतून ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतले होते. त्यांच्या घरांत जात्यावरची ओवी होती, भजन होते, तमाशाची लावणी होती. रविवारी एक गळा आणि इतर सहा दिवस दुसरा गळा, अशी ती विभागणी होती.

ही विभागणी मोडायला सुरुवात केली ती कीर्तनाने, आणि याचे श्रेय टिळकांना देता येत नाही. १८६०च्या दशकातच नगरच्या देशी ख्रिस्ती मंडळींनी बायबलमधल्या कथांवर कीर्तने करायला सुरुवात केली होती. या परंपरेतले मोठे नाव कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे (१८३४–१९०८). ख्रिस्ती कीर्तनाचा सांगाडा आपल्या नारदीय कीर्तनाचाच : पूर्वरंगात एखादे शास्त्रवचन घेऊन त्याचे निरूपण, उत्तररंगात आख्यान. उधळ्या पुत्राचा दाखला हा तर कीर्तनकारासाठी तयारच असलेला माल. बाप, दोन मुलगे, वाटणी, परदेश, दुष्काळ, डुकरांची राखण आणि शेवटी घराची वाट. साकी, दिंडी, आर्या, ओवी, कटाव यांची पेरणी करून आख्यान रंगवायचे आणि मधूनमधून श्रोत्यांकडून पद म्हणवून घ्यायचे. सांगळ्यांची पदे आजही संग्रहात आहेत, पण त्यांचे नाव साहित्याच्या इतिहासात जवळजवळ कुठेच नाही. टिळकांना निदान एक परिच्छेद तरी मिळाला. सांगळे कवी म्हणून टिळकांच्या तोलाचे नव्हते, हे खरे आहे. पण टिळक ज्या अंगणात येऊन उभे राहिले ते सारवून ठेवलेले होते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही.

टिळकांचे चरित्र बहुतेक वाचकांना 'स्मृतिचित्रे'मुळे ठाऊक आहे, म्हणून ते थोडक्यात. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातले करजगाव, चित्पावन ब्राह्मण घर. नाशकात गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत अध्ययन. पुढे नागपूर. रेल्वेच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने हाती दिलेला नवा करार, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. नवरा गेल्याच्या त्या काळातले काही दिवस त्यांनी पंढरपुरात काढले. पुढे त्या नगरला आल्या, सुरुवातीला सोवळे सांभाळून वेगळे पाणी, वेगळा स्वयंपाक करून राहिल्या आणि १९०० साली राहुरीत त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक मिशनच्या ईश्वरविज्ञान शाळेत शिकवू लागले, १९०४ मध्ये त्यांना दीक्षा मिळून ते 'रेव्हरंड' झाले आणि १९१२पासून 'ज्ञानोदया'ची मराठी बाजू सांभाळू लागले.

या सगळ्या काळात ते गीते लिहीत होते. किती, याचा अंदाज एका गोष्टीवरून यावा. त्या काळच्या संग्रहातील सुमारे सातशे गीतांपैकी अडीचशेहून अधिक एकट्या टिळकांची होती. एवढी संख्या म्हटली की दर्जाची चढउतार आलीच. काही गीते नुसती प्रसंगाची गरज भागवणारी आहेत : नाताळ आहे, कापणीचा सण आहे, लग्न आहे, म्हणून लिहिलेली. काहींत संस्कृत समासांची गर्दी इतकी की खेड्यातल्या बाईने ती कशी म्हटली असतील, असा प्रश्न पडतो. स्वतःच्या पापीपणाचा घोषा कधी कधी ठराविक होतो. हे सगळे मान्य करूनही जी शंभरेक गीते उरतात, त्यांत मराठी ख्रिस्ती माणसाला पहिल्यांदा स्वतःचा गळा सापडला, असे माझे मत आहे.

तो सापडला अभंगात. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी टिळक पुन्हा संतांकडे वळले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. हे वाक्य पुष्कळांनी उद्धृत केले आहे आणि बहुतेकांनी ते सलोख्याचे सुभाषित म्हणून वापरले आहे. मला ते कारागिराचे वाक्य वाटते. पूल म्हणजे रचना. मोठ्या अभंगाचे एक कडवे घ्या : सहा अक्षरांचे तीन चरण, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. तीन पावले सारखी टाकायची आणि चौथ्याला थबकायचे. त्या थबकण्यात टाळ वाजतो, श्वास घेतला जातो, पुढच्याने म्हटलेली ओळ मागचा उचलतो. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ही रचना पुस्तकाचे काम करते. अक्षरे मोजायची असल्यामुळे स्वर गिळावा लागत नाही, आणि 'देवा' कुठेही आला तरी पुरता उच्चारला जातो. इंग्रजी चालीत जे चेपले जात होते ते इथे मोकळे झाले. काकांच्या आईला ते भजन पाठ होते, याचे कारण भक्तीइतकेच या छंदाच्या बांधणीत आहे.

छंद आला की त्याच्या मागून पुष्कळ काही येते. अभंगात देवाशी बोलण्याची एक रीत आहे. तिथे भांडता येते, रुसता येते, लेकराने आईजवळ हट्ट धरावा तसा हट्ट धरता येतो. मिशनच्या गीतांत ख्रिस्त राजा होता, तारणारा होता, मेंढपाळ होता. टिळकांच्या अभंगांत तो आई झाला, आणि आई असतानाच गुरू झाला. विठ्ठलाला 'माउली' म्हणणाऱ्या मातीत हे स्वाभाविकच. तरी अमेरिकेहून आलेल्या कडक प्रॉटेस्टंट शिस्तीत वाढलेल्या मंडळींना ते सुरुवातीला कसे वाटले असेल, याची कल्पना करावी. ख्रिस्ताला ओवी-अभंगाचे वळण देणारे टिळक पहिले नव्हेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' त्यांच्या तीनशे वर्षे आधीचे, १६१६चे, आणि त्याची ओवी अस्सल मराठी आहे. तमिळमध्ये तंजावरच्या वेदनायकम शास्त्रींनी ख्रिस्ती कीर्तने रचली, तीही सरफोजी भोसल्यांच्या राजवटीत, म्हणजे मराठी राजाच्या छायेत. टिळकांचे वेगळेपण असे की, त्यांचे शब्द रविवारच्या उपासनेच्या पुस्तकात जाऊन बसले आणि बसलेच राहिले.

आता नावाचा मुद्दा. अभंगाच्या शेवटी कवीची मुद्रा येते. तुकोबा, नामा, जनी, चोखा, प्रत्येकाचे नाव शेवटच्या चरणात असते. ती सहीही असते आणि साक्षही : हे मी म्हणतो, माझ्या जबाबदारीवर. टिळकांनी 'अभंगांजली'तील अभंगांत मुद्रा घेतली ती 'दास'. स्वतःचे नाव नव्हे, आडनाव तर नव्हेच. (त्या काळात महाराष्ट्रात 'टिळक' म्हटले की कोण डोळ्यांपुढे येई, हे सांगायला नको.) 'दास' हा शब्द कोणीही गायला तरी त्याचाच होतो. खेड्यातली म्हातारी शेवटचा चरण म्हणते तेव्हा दास तीच असते. नाव पुसले जावे अशीच ही योजना होती, आणि ती इतकी यशस्वी झाली की आज पेटीवाल्या काकांना कवी कोण हे पाहावेसे वाटले नाही.

परंतु 'दास' या शब्दाला एक काटा आहे. दास कोणाचा? भजनात उत्तर सोपे आहे. रोजच्या व्यवहारात रेव्हरंड टिळक हे अमेरिकन मराठी मिशनचे पगारी कामगार होते. मिशनशी त्यांचे वैर नव्हते. नगरचे डॉ. ह्यूम यांच्यासारख्या माणसांबद्दल त्यांना आदर होता. पण पगाराने एक नाते तयार होते. देणारा परदेशी, घेणारा देशी, आणि देणाऱ्याच्या हिशेबात घेणारा हा 'नेटिव्ह एजंट'. टिळक देशाभिमानी होते, त्यांनी देशावर कविता लिहिल्या होत्या. भारतीय ख्रिस्ती माणसाने परक्या मिशनच्या आधारावर किती दिवस उभे राहायचे, हा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षे टोचत होता. बाहेर स्वराज्याची भाषा चालू असताना देवळात मात्र पाश्चात्त्य मंडळी मालक आणि आपण चाकर. अशा स्थितीत जो अभंग म्हणायचा त्याच्या शेवटच्या शब्दावर अडखळायला होणारच.

१९१७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पगार सोडला, भगवी वस्त्रे घातली आणि साताऱ्याला जाऊन राहिले. तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' नावाचा बंधुसंघ काढला. त्याची अट त्या काळच्या मानाने धक्कादायक होती. ख्रिस्ताला मानणारा कोणीही त्यात येऊ शकत होता, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. चर्चच्या नोंदवहीत नाव आहे की नाही, जात सोडली की नाही, समाजाने वाळीत टाकले की नाही, या प्रश्नांच्या अलीकडे एक जागा असावी, असा त्यांचा विचार होता. वारकऱ्यांच्या दिंडीत शिरताना जसे कोणी दाखला मागत नाही, तसे काहीसे.

एका बाजूने पाहिले तर हा संसारी माणसाचा अव्यवहारी निर्णय होता, आणि लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने तो आणखी एक धक्का होता. टिळकांच्या लहरींचा जमाखर्च 'स्मृतिचित्रे'त जागोजागी आहे : हातात आलेला पैसा कसा वाटून टाकला, घरात कोणाकोणाला आणून ठेवले. नवऱ्याच्या पहिल्या त्यागाची किंमत त्यांनी पाच वर्षे मोजली होती, आता हा दुसरा. टिळकांच्या संन्यासाविषयी भारावून लिहिणाऱ्यांनी संन्याशाचे घर कोण चालवत होते हेही लिहावे, असे मला वाटते. लक्ष्मीबाईंनी स्वतः ते फारशा कडवटपणाशिवाय लिहिले, हा त्यांचा मोठेपणा.

पण भजनांच्या बाजूने पाहिले तर १९१७चा निर्णय अपरिहार्य दिसतो. टिळकांनी एक छंद घेतला, आणि तो छंद गाणाऱ्याकडून काही मागतो. संतांनी अभंगात जे म्हटले ते त्यांच्या जगण्याने तोलले गेले होते. तुकोबांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत सोडली ही कथा प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक असते, आणि अभंग ऐकताना ती मनात असते. अभंगाची चाल उसनी घेता येते, त्यामागची ही अट उसनी घेता येत नाही. 'दास' अशी सही वीस वर्षे करणाऱ्या माणसाने अखेर चाकरीच्या बाकी खुणा अंगावरून उतरवल्या. टिळकांच्या भजनांचा अभ्यास धर्मप्रसाराचे साहित्य म्हणून झाला आहे आणि 'भारतीय ख्रिस्ती धर्मविचार' म्हणूनही झाला आहे. ती गीते आणि तो राजीनामा एकाच विचाराच्या दोन बाजू म्हणून वाचणे मला अधिक योग्य वाटते.

दरबार फार चालला नाही. तो टिळकांच्या व्यक्तिमत्त्वावर उभा होता, आणि त्यांना दोन वर्षेही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन'चे दहा-अकरा अध्याय हातून झाले होते. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहून काढले. शाळेत कधी न गेलेल्या बाईने नवऱ्याचे महाकाव्य पुरे करावे, ही मराठी वाङ्मयातली एक अद्भुत गोष्ट आहे. तिच्याविषयी स्वतंत्र लेखच हवा, म्हणून इथे थांबतो. १९३८ साली 'ख्रिस्तायन' प्रसिद्ध झाले तेव्हा लक्ष्मीबाईही हयात नव्हत्या. दरबाराचा विचार मात्र इतरत्र थोडा रुजला. टिळकांचे इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी 'ख्रिस्त सेवा संघ' काढला आणि पुढे पुण्यात आश्रम उभारला. खादी, शाकाहार आणि मराठी भजने ही तिथली रीत होती.

टिळकांच्या गीतांचा इंग्रजीतला प्रवासही बोलका आहे. पुण्याचे स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकोल यांनी काही अभंगांची भाषांतरे केली आणि त्यांतले एक ब्रिटन-अमेरिकेच्या गीतसंग्रहांत गेले. भाषांतर चांगले आहे. पण साचा कोणता, तर तोच : आठ-सहा-आठ-सहा. ज्या साच्यातून मराठी गीताला बाहेर काढण्यासाठी टिळकांनी हयात घालवली, त्याच साच्यात त्यांचा अभंग परदेशात पोचला. मॅकनिकोलना दोष देता येत नाही. त्यांच्या मंडळीचा गळा तो होता.

आता एक आक्षेप, जो टाळून पुढे जाता येणार नाही. १९८०च्या दशकात अरविंद निर्मळ यांनी दलित ख्रिस्ती धर्मविचाराची मांडणी केली तेव्हा त्यांचा रोख असा होता की, भारतीय ख्रिस्ती विचार ब्राह्मणी परंपरेच्या मोहात अडकला आहे आणि मंडळीतला बहुसंख्य दलित त्यात कुठेच नाही. निर्मळ स्वतः महाराष्ट्राचे. हा आक्षेप टिळकांना लावून पाहिला की अस्वस्थ व्हायला होते. भगवी वस्त्रे, संन्यास, गुरू, दास : ज्यांना पिढ्यान्पिढ्या सक्तीने दास करून ठेवले होते, त्यांच्या तोंडी एका चित्पावनाने स्वेच्छेच्या दास्याचा गौरव घालावा, यात काही चुकत नाही का? ज्याच्याकडे सोडण्यासारखे काही असते त्यालाच त्यागाची भाषा शोभते. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर वाढलेल्या माणसाला 'दास' हा शब्द गोड लागणार नाही, आणि लागू नये.

मी या आक्षेपापुढे टिळकांची वकिली करणार नाही. दोनच गोष्टी नोंदवतो. एक, अभंग हा छंद ब्राह्मणांनी दिलेला नाही. तो नामदेव शिंप्याचा, चोखामेळ्याचा, जनाबाईचा आणि तुकोबा कुणब्याचा आहे. शास्त्रीबुवांकडे संस्कृत वृत्ते शिकलेल्या टिळकांनी भजनांसाठी ती वृत्ते बाजूला ठेवून हा छंद घेतला, म्हणजे ते एक पायरी खाली उतरले म्हणा किंवा वर चढले म्हणा. दुसरी गोष्ट, गीत एकदा मंडळीत गेले की त्याचा अर्थ मंडळी ठरवते. जिच्यावर गावाने दास्य लादले तिने 'दास' म्हणताना 'मी त्याची, म्हणजे तुमची नाही' असेही म्हटले असेल. शब्द तोच, पण गळा बदलला की बोट दुसरीकडे दाखवते. निर्मळांचा प्रश्न तरी उरतोच, आणि टिळकांवर लिहिणाऱ्याने तो जवळ बाळगावा.

पिंपरीकडे परत येतो. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना इथे आला, मागोमाग मोटारींचे आणि यंत्रांचे कारखाने आले, आणि नगर, श्रीरामपूर, संगमनेर, जालना भागांतली ख्रिस्ती कुटुंबे कामासाठी इथे उतरली. पुढे चाकणपर्यंत पट्टा वाढत गेला तशी माणसेही वाढली. पत्र्याच्या ट्रंकेत कपड्यांखाली 'उपासना संगीत' होते. सुरुवातीची भजने चाळींतल्या खोल्यांत झाली, पाळी सांभाळून. विशेष हे की ही माणसे येऊन राहिली ती देहू आणि आळंदीच्या मधोमध. आषाढी वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पिंपरीवरून पुढे जाते. टिळक ज्या पुलाविषयी बोलत तो इथे जवळपास भूगोलातच आहे.

मात्र गाणे बदलते आहे. तरुण मुलांनी कीबोर्ड, गिटार आणि ड्रम आणले. हिंदी 'वर्शिप'ची गाणी आली, तीही मोबाइलवरून. शब्द भिंतीवरच्या पडद्यावर उमटतात. पडद्यावर नंबर नसतो. मी याबद्दल गळा काढणार नाही. ज्या मुलाच्या शाळेत, कंपनीत आणि मित्रांत हिंदी-इंग्रजी चालते, त्याने कोणत्या गळ्याने गावे हे त्याने ठरवायचे. सांगळ्यांच्या कीर्तनावरही त्या वेळच्या वडीलधाऱ्यांनी नाक मुरडले असेल. फक्त एक फरक दिसतो. या नव्या गाण्यांतला बराच भाग पुन्हा इंग्रजी चालीवर बेतलेला आहे आणि 'येशू'चा पहिला स्वर पुन्हा घाईत सापडतो. बॅलंटाइनसाहेबांची अडचण दीडशे वर्षांनी ड्रमच्या ठेक्यावर परतली आहे.

काही महिन्यांनी त्याच काकांकडे गेलो. टिळकांचे छायाचित्र असलेले एक जुने पुस्तक नेले होते. फेटा, दाढी, रोखलेले डोळे. त्यांनी ते बराच वेळ पाहिले, मग पेटी ओढून घेतली आणि मला म्हणाले, "नंबर सांगा." मी सांगितला. त्यांनी भजन पूर्ण म्हटले. नात स्वयंपाकघरातून येऊन दाराशी उभी राहिली. शेवटच्या चरणात 'दास' आला तेव्हा ते क्षणभर थांबले, पुस्तकाकडे पाहिले आणि मग तो चरण पुन्हा एकदा, सावकाश म्हटला.